शेवटची डबी

गावातलं रेल्वे स्टेशन बंद पडून जमाना झाला होता. तिथे फोनवरचा बाण बघत लपवलेल्या डब्या शोधायचा खेळ सूनबाईंनी हौशी मंडळींसाठी मांडला. पाण्याची टाकी, सिग्नल केबिन, तिकिटाची खिडकी, जिथे डबी सापडेल तिथला इतिहास सांगायला सासरेबुवा, म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर, सकाळपासून हजर होते. त्यांच्या उत्साहाला तर नुसता ऊत आला होता.

शेवटची डबी स्टेशनच्या घंटेपाशी होती. फलाटावर मात्र नुसता गंजका आकडा लोंबत होता.

"स्टेशन बंद झालं त्याच दिवशी कुणा हरामखोरानं घंटा लंपास केली!" मास्तर गरजले. "जनाची नाही, निदान मनाची तरी लाज हवी की नको?"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"पण काका, बाण मागच्या गल्लीकडे जातोय," कुणीतरी म्हणालं.

"त्या फोनला काय अक्कल आहे? माझा जन्म गेलाय या फलाटावर!"

तेवढ्यात मागच्या गल्लीतून ठण् ठण् ठण् घंटा वाजली, आणि पाठोपाठ मास्तरांच्या बायकोची हाक आली.



"अहो, जेवायला चला! आणि त्या मंडळींनाही आणा, त्यांची डबी केव्हाची घंटेला बांधून ठेवलीय!"