ड्रॅगनच्या जबड्यात

चौथ्या पानावर बापानं उंदीर सोलला होता. कातडं एका बाजूला पडलं होतं, शेपटी तशीच होती आणि समोर बसलेली पोर तो उंदीर दातांनी तोडून खात होती. गेणूनं वही मांडीवर पालथी टाकली आणि ओट्यावरून खाली थुंकला.

वही त्याच्या लेकीची होती. हर्षाली आळेफाट्याला मोठं पाकीट आणायला गेली होती. जाताना वही त्याच्या हातात देऊन म्हणाली, "तात्या, पुरी झाली एकदाची. बघा तरी. उद्या सुदर्शनदादा पुण्याला नेणार हाय, स्पर्धेला."

सुदर्शन तिचा चुलतभाऊ, रांजणगावला एका कंपनीत कामाला. तिथला जपानी साहेब मायदेशी परतताना चित्रांच्या पुस्तकांचं खोकं मागं टाकून गेला, ते सुदर्शननं बहिणीला आणून दिलं. जग जळून गेल्यावर उरलेली माणसं काय खातात, कुठं निजतात, कशी तगतात, एवढंच त्या पुस्तकांत. अक्षर एक कळत नव्हतं, पण पोरगी त्यातच गढून गेली. मग ड्रॅगन काढायला लागली. कॅलेंडरमागं, खताच्या गोण्यांवर, जागा मिळेल तिथं.

"त्या मेल्याची जीभ बघून माजी भाकर वर येती," असं तिची आई प्रयागबाई म्हणायची. पोरगी दोन वर्षं घुम्यासारखी बसून होती, आता हात तरी हलतोय, एवढंच गेणू बघायचा.

त्यानं वही पुन्हा उघडली. आत शब्द नव्हतेच. एका पानावर एक चित्र, अशी सोळा पानं. पहिली तीन बरी होती. त्यांच्या पिंपरी पेंढारचंच रान, कांद्याची लागण, बांधावर भाकरी खाणारे बापलेक. बाप म्हणजे गेणूच, यात शंका नव्हती. डाव्या हाताला करंगळी नव्हती. गेणूची कडबाकुट्टीत गेली होती. ती बघून त्याला हसूसुद्धा आलं होतं.

उंदरानंतर हसू संपलं. पुढं विहिरीत बैल फुगून तरंगत होता आणि बाप तेच पाणी धोतरातून गाळत होता. पोरीच्या केसांतून उवा गळत होत्या. मग बाप तिला पाठीवर घेऊन चालला होता, आणि तिच्या पोटरीला पडलेल्या भोकांतून पू त्याच्या हातावर ओघळत होता. एवढं बारकाईनं काढलं होतं की गेणूनं नकळत आपला हात सदऱ्याला पुसला.

तेराव्या पानावर ड्रॅगन आला.

दातांत मांसाचे धागे, जिभेवर फोड, जबड्यातून लोंबणाऱ्या लाळेच्या तारा. पोर कमरेपर्यंत त्या तोंडात होती. बापानं दोन्ही हातांनी तिचे खांदे पकडले होते. दात आवळून, सगळं बळ लावून.

गेणूनं बोटं मोजली. नऊ.

उरलेली पानं त्यानं भराभर उलटली. जळकी घरं, त्यांच्यावर घिरट्या घालणारा ड्रॅगन आणि शेवटी राखेच्या ढिगात एकटी बसलेली पोर. बाप कुठंच नव्हता.

निरगुडसरला दिलेली हर्षाली पहिल्याच वर्षी पाठीवर वळ घेऊन आली होती. तेव्हा त्यानंच तिला यष्टीत बसवून परत धाडलं होतं. "पोरीच्या जातीनं सोसावं लागतं," असंही म्हणाला होता. पुढच्या वर्षी तो स्वतः गेला, तिच्या सासऱ्याला चार माणसांत बोलला आणि तिला कायमची घेऊन आला. पण ते ह्या वहीत कुठं होतं?

वही चिकट लागत होती. किळस पोरीच्या डोक्यातल्या घाणीची येतेय की त्या नऊ बोटांची, हे त्याला कळेना. आणि हे उद्या पुण्यातली माणसं बघणार. मागच्या पुठ्ठ्यावर हर्षालीनं ठळक अक्षरांत आपलं नाव घातलं होतं, मधे त्याचं. नाव पुढं घालायचीसुद्धा लाज वाटली असणार.

परसात चुलीवर बैलांचे हुलगे शिजत होते. त्यानं वही फाडली आणि पानं खाली सारली. जळत्या शाईचा वास नाकात गेला तसा तो भिंतीला धरून ओकला.

हर्षाली आली तेव्हा तो चुलीपाशीच बसला होता.

"तात्या, बघितली?"

"बघितली."

"कशी वाटली?"

"घाण."

ती हसली. "तशीच पायजे. आन् वही कुठंय?"

त्यानं चुलीकडं बघितलं. तिनंही बघितलं. हातातलं पाकीट तिनं सावकाश खाली ठेवलं. लाकडानं राख उकरली. पुठ्ठ्याचा काळा कोपरा तेवढा निघाला.

"चार म्हयनं लागलं व्हतं, तात्या."

"मला त्या जनावराच्या तोंडात पोरगी कोंबताना काढलंस!" गेणूचा आवाज फाटला. "धाडली व्हती म्या तुला परत, चुकलो. पण मीच आणली न्हाई का? ते न्हाई दिसलं तुला? शेवटच्या पानावर एकटी राखंत बसलीस, आन् बापाचा पत्ता न्हाई!"

हर्षाली हळू आवाजात म्हणाली,

"तात्या, जपानी पुस्तकं मागनं पुढं वाचत्यात. म्या बी तशीच काढली. ते पयलं पान व्हतं."