सव्वा मिनिट

परेशभाईंनी कॅसेटचे पाचही स्क्रू काढले, झाकण उचललं आणि जयमालाताईंच्या देखत त्यांच्या गाण्याला ब्लेड लावलं.

"बिघडलेला भाग तेवढा काढतो, बेन," ते म्हणाले. "बाकी तुमचा आवाज एकदम फस्क्लास आहे."

डहाणू स्टेशनसमोर परेशभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. जयमालाताई शाळेत गणित शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात, डहाणूने कधी ऐकली नव्हती असली पॉप गाणी करायच्या. कॅसिओच्या जोडीला वरोरच्या कोळणींच्या हाका, मध्येच कुजबुज, मध्येच नुसतं गुणगुणणं. दहा वर्षांत चार कॅसेटी काढल्या, चारही आपटल्या. त्र्याण्णव साली पॉपचं वारं आलं, तेव्हा मुंबईच्या कंपनीने त्या चारांतली अकरा गाणी निवडून एक कॅसेट काढली. ही खपली तर नवी करू, नाहीतर राम राम, असं कंपनीने तोंडावर सांगून टाकलं होतं.

एका पेपरात त्यावर चार ओळी आल्या. प्रयत्न धाडसी आहे, असं लिहून समीक्षक मोकळा झाला. डहाणूत मात्र टीचरची कॅसेट म्हणून पहिल्या आठवड्यात तीस खपल्या. दुसऱ्या आठवड्यात बावीस परत आल्या. तक्रार सगळ्यांची एकच, पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात टेप अडकते. शेजारच्या अण्णांनी तर टेपरेकॉर्डरचं हेड पुसण्यात अर्धी बाटली स्पिरिट संपवलं आणि वर जयमालाताईंनाच चार शब्द सुनावले.

टेप अडकत नव्हती. तिथे तारपा, वारल्यांचं भोपळ्याचं वाद्य, वाजत होता. सव्वा मिनिट एकच सूर, आणि जयमालाताईंनी स्वतः गप्प राहून तो वाजू दिला होता. दहा वर्षांच्या खटपटीत आपल्याला खरोखर जमलेलं काम ते एवढंच, असं त्यांना वाटायचं. आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं.

परत आलेल्यांतल्या आठ कॅसेटी परेशभाईंनी कुणाला न विचारता दुरुस्त केल्या होत्या. हे कळल्यावर जयमालाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या शाळेतून तडक दुकानात आल्या होत्या. ते मुद्दाम तसं केलंय, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. टेपच्या त्याच तुकड्यावर असलेलं, पलीकडच्या बाजूच्या पहिल्या गाण्याचं एक अख्खं कडवंही त्या कापाकापीत गेलं, तेही सांगितलं. परेशभाईंनी सगळं मनापासून ऐकून घेतलं. कडव्याबद्दल आजवर एकाचीही तक्रार नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं, आणि दुरुस्त केलेल्या आठही विकल्या गेल्या, हेही. मग त्यांनी नववी उघडली होती.

ती जोडून होतेय तोच एक नर्सबाई आल्या. परेशभाईंनी कॅसेट लावून दाखवली. गाणं कुठेही न अडखळता संपलं. नर्सबाईंनी कॅसेट घेतली आणि तीच चाल गुणगुणत पायऱ्या उतरल्या. दहा वर्षांत जयमालाताईंनी आपलं गाणं दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलं नव्हतं. त्यांचा राग तिथेच पातळ झाला. आपला राग इतका स्वस्त निघाला याची त्यांना शरम वाटली, पण ती त्यांनी गिळली.

"उरलेल्याही कापा," त्या म्हणाल्या.

शेवटची कॅसेट उघडी पडली होती तेव्हा लडक्या दुकानात आला. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा हा तारपेवाला. गाण्यातला तारपा त्याचाच. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या वर्गाची दारंखिडक्या बंद करून जयमालाताईंनी तो टेप करून घेतला होता. त्याला एक कॅसेट नेऊन द्यायचं त्यांच्या मनात होतं, ते मनातच राहिलं होतं. त्याने गेल्या रविवारी इथूनच विकत घेतली होती. ती त्याने काउंटरवर ठेवली.

"ही रिपेअर केलेली आहे," परेशभाई म्हणाले. "हिच्यात काही प्रॉब्लेम नाय."

लडक्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने जे काय सांगायचं ते जयमालाताईंना सांगितलं. रविवारी संध्याकाळी अंगणात कॅसेट लावली, सगळा पाडा ऐकायला जमला. सूर लागला, आणि लागतोय तोच तुटला. तारपेवाला नाकाने श्वास घेतो तेव्हा गालातली हवा तारप्यात जात असते, म्हणून सूर तुटत नाही. फेर चालू असताना सूर तुटला तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, आणि वाजवणाऱ्याचं ते हसं जन्मभर पुरतं. आता लडक्याचा सख्खा मेव्हणा त्याला अर्ध्या दमाचा म्हणत होता. भाताच्या कापणीनंतरच्या नाचाला दुसरा तारपेवाला बघा, असंही कुणीतरी म्हणालं होतं.

"बाई, तुम्ही सांगितलं होतं, मी हात वर करीन तवर थांबू नको," तो म्हणाला. "मी थांबलो होतो का?"

"नाही," जयमालाताई म्हणाल्या. "तुम्ही नाही थांबलात."

"मंग तेवढं पाड्यावर येऊन सांगा." लडक्याने कॅसेट उचलून त्यांच्या हातात दिली. "आन् मी नाय थांबलो, तर कोण थांबलं, ते पण सांगा."