खडूच्या कड्याने दिलेली ओ

जर्मनीतल्या रूगेन बेटावरच्या संरक्षित खडूच्या कड्यांपाशी ‘शांतता पाळा’ अशी पाटी आहे. पण कडा दिसला की हाळी द्यायची, हे नागेश माथेरानलाच शिकला होता.

"अन्वीऽऽ!"

"वास इस्ट, पापा?" शेजारी उभ्या लेकीने काय झालं ते जर्मनमध्ये विचारलं. जन्मापासून तिने मराठी फक्त ऐकली होती, बोलली कधीच नव्हती.

कपारीतल्या पाकोळ्या भुर्रकन उडाल्या. समोरच्या कड्याच्या पोटातून, अन्वीच्याच आवाजात, ओ आली. "काय रे बाबा?"

उच्चार अगदी सदाशिव पेठी. नागेशला क्षणभर मोहच पडला.

"बाबा, तुझ्याजवळ ती कोण उभी आहे?" आवाज आता जवळून आला.

त्याने लेकीचा हात घट्ट धरला. "हीच माझी अन्वी! जर्मन तर जर्मन! तू चालती हो!"

"बाबा," अन्वी स्वच्छ मराठीत कुजबुजली, "तिला इकडे येऊ देऊ नकोस."