कडीला अडकवलेला डबा

संध्याकाळी सातला डबा दाराच्या कडीला येऊन लटकलाच. संचिताने झाकण उघडलं. बटाट्याची भजी, आणि तळाला तेल साचलेलं. समोरच्या आवडाबाईंचा डबा. चपलांच्या रॅकवरून दोघींचं बोलणं दोन वर्षं बंद होतं, डबा मात्र महिनाभर न चुकता येत होता.

संचिता चाळिशीची, कळव्याच्या या बिल्डिंगमध्ये एकटी राहणारी. खोपटच्या एसटी डेपोत आरक्षणाच्या खिडकीवर बसायची. चार महिन्यांपूर्वी तिने पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा आवडाबाई लिफ्टमध्ये चारचौघींना म्हणाल्या होत्या, "तोंडाला कुलूप लावता येत नाही, म्हणून पोट कापून घ्यायचं. काय एकेक थेरं!" संचिता मागेच उभी होती. टाके सुकले तरी ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आता तिचा सगळा स्वयंपाक फोडणीच्या कढल्यात व्हायचा. दोन चमचे मूगडाळ, नाहीतर किसलेला दुधी, कधी अंड्यातलं पांढरं. मऊ शिजवायचं, घोटायचं. तेल नाही, तिखट नाही. वाटीभर झालं की गॅस बंद. त्याहून जास्त पोटात मावत नव्हतं आणि तेलकट तर ठरतच नव्हतं. तीस किलो उतरले होते. जिना चढताना गुडघे कुरकुरत नव्हते. त्या एका वाटीवर तिचं सगळं टिकून होतं, आणि समोरची बाई रोज तळण पाठवत होती.

पहिल्या दिवशीच तिने डबा रिकामा परत केला असता. पण आईने लहानपणापासून बजावलेलं, लोकांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची. ऑपरेशननंतर घरात साखरच नव्हती. मग तिने रागारागाने आपल्याच वाटीतले चार चमचे डब्यात ओतले आणि डबा आवडाबाईंच्या कडीला अडकवला. खा म्हणावं आमच्या कुलपातलं! दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा हजर.

मग हेच सुरू झालं. भजी, वडे, तळलेले बोंबील सगळं वॉचमन त्र्यंबकच्या पोटात जायचं. महिन्याभरात त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. संचिताचे चार चमचे समोर जायचे. वर पुन्हा आवडाबाई पॅसेजमध्ये उभ्या राहून भिंतीला ऐकवायच्या, "कालचं दाट झालेलं. पातळ करावं माणसाने." नाहीतर, "जिरं अख्खं कशाला? घशात अडकतं." संचिताचा नुसता जळफळाट व्हायचा. नवरा धोंडीबा गावी घर दुरुस्त करायला गेलेला, म्हणून बाईला दुसरा उद्योग उरला नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी ती जिरं वाटूनच घालायची. नावं ठेवायला जागा नको.

काल मात्र हद्द झाली. खिडकीवर दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन ती घरी आली, डबा उघडला आणि उभ्याउभ्या चार भजी खाल्ली. मग तासभर बाथरूमच्या फरशीवर बसून ओकत होती. घाम, मुरडा, डोळ्यापुढे अंधारी. आणि तशातही आणखी चार खावीशी वाटत होती. त्याचंच तिला रडू आलं. एवढं पोट कापून घेतलं ते काय या बाईच्या भज्यांसाठी? तरी उशिरा का होईना, घोटलेल्या दुधीचे चार चमचे समोर गेलेच.

आज तिने भजी थेट कचऱ्यात टाकली. डबा घासला, पुसून कोरडा केला. आपली वाटी ओट्यावर तशीच झाकून ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायला निघाली. आज कडीला अडकवणार नव्हती. हातात देणार होती.

बेल वाजवल्यावर आवडाबाईंनी नेहमीसारखं वीतभरच दार उघडलं.

"घ्या काकू. उद्यापासून पाठवू नका. जीव घ्यायला टपलायत का माझा?"

आवडाबाईंनी डबा घेतला. हातात आल्याबरोबर त्यांना वजन कळलं असणार. तरी त्यांनी झाकण काढून आत पाहिलं.

"काहीच नाही?"

"नाही."

"आज शिजवलं नाहीस?"

"शिजवलंय. माझ्यापुरतं."

आता बाई तोंड सोडणार म्हणून संचिता पदर खोचल्यासारखी उभी राहिली. पण आवडाबाईंचा हात दारावरून सुटला आणि दार आपोआप पूर्ण उघडलं.

आत खुर्चीत धोंडीबा बसले होते. गावी गेलेत म्हणून सगळ्या बिल्डिंगला सांगितलेले धोंडीबा. अंगाने अर्धे झालेले. कॅन्सरवरचे शेक घेऊन गळ्याची कातडी काळी पडलेली. हनुवटीखाली टॉवेल बांधलेला, पुढ्यात रिकामी वाटी आणि चमचा.

"आवडे, डबा आला का गं?" आवाज कसला, नुसती खरखर. "कालचा दुधी कसा सरळ उतरला बघ. तू केलेलं झोंबतं. आज काय दिलंय पोरीने?"

संचिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. रिकाम्या डब्याचं झाकण त्यांनी घट्ट लावलं.

"आलाय," त्या म्हणाल्या. "गरम करून आणते."

संचिताने त्यांच्या हातातून डबा ओढून घेतला.

"मूगडाळ आहे, काका," ती आपल्या घराकडे वळता वळता म्हणाली. "पातळ केलीय. जिरं वाटून घातलंय."