लाडकी, मुक्काम झरी

आजचीही तक्रार झरीच्या लाडकीचीच होती.

"अर्जाच्या पानावर मोबाईल नुसता ‘बटण, बटण’ असं बोलतो. कशाचं बटण, ते डोळे नसलेल्याने कसं ओळखायचं?"

अदितीने कपाळावर हात मारला. डहाणूतल्या एका संस्थेसाठी ती दिव्यांगांच्या योजनांची वेबसाइट बनवत होती. ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाईल पान वाचून दाखवतो, पण त्यासाठी प्रत्येक बटणाला, प्रत्येक चित्राला आतून नाव द्यावं लागतं. हे काम मंजूर झालं की पुण्याच्या कंपनीतली नोकरी पक्की होती. संस्थेचे साहेब मात्र म्हणत होते, "तक्रारी थांबल्या की लगेच सही करतो." आणि ही बया काही थांबायला तयार नव्हती.

"पुन्हा तीच का?" अण्णांनी विचारलं. अदितीचे वडील तलासरीकडे मास्तरकी करून निवृत्त झाले होते. गुडघे दुखतात म्हणून हल्ली ते बाहेर पडत नसत. डहाणूतल्या मसोलीच्या घरात कानात इअरफोन खुपसून दिवसभर खुर्चीत बसत आणि विचारलं की "रेडिओ" म्हणत.

"तीच. कुणीतरी मुद्दाम करतंय, अण्णा. तुम्हीच सांगा, एवढं वाईट झालंय का?" तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला.

"झकास झालंय. रंगसुद्धा छान. तू पुण्याची तयारी कर बघू."

बापाला लेकीचं सगळंच झकास वाटतं, हे ठाऊक असूनही अदितीला बरं वाटलं. नवं पान झालं की त्याची लिंक ती कौतुकाने आधी त्यांच्या मोबाईलवर पाठवायची.

तक्रारीखाली लाडकीचा नंबर होता. फोन लावला की एक बाई "हॅलो" म्हणायची आणि अदितीचं नाव ऐकलं की ठेवून द्यायची. खरी तक्रार असती तर चार शब्द बोलली नसती का?

मग एक दिवस लाडकीने अशा पानाबद्दल तक्रार केली, जे अजून लोकांसाठी खुलं झालंच नव्हतं. त्याची लिंक अदितीने बाहेर कुणालाच दिली नव्हती. ऑफिसात ती माहीत होती फक्त नविनला.

नविन तिचा मदतनीस, झरीच्या शेजारच्या पाड्यावरचा. अदिती पुण्याला गेली की त्याचं काम बंद होणार होतं. म्हणजे कारणही सापडलं.

"झरीच्या लाडकीला ओळखतोस?" तिने त्याला विचारलं.

"अंगणवाडीत आहे ती. तिला कोण नाही ओळखत?"

"तिला नीट दिसतं ना?"

"दिसतं की."

"मग तिच्या नावाने हे उद्योग कोण करतंय, नविन?"

तिचा रोख कळायला नविनला जरा वेळ लागला. "मॅडम, पण तिची एक तरी तक्रार चुकीची निघाली का?"

निघाली नव्हती. प्रत्येक तक्रारीनंतर साइट सुधारत गेली होती आणि तेच अदितीला जास्त झोंबत होतं.

"उद्यापासून येऊ नकोस," ती म्हणाली. नविनने ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तलासरीला काम आहे असं अण्णांना सांगून ती निघाली. २०१८चा डिसेंबर होता, सकाळी चांगलाच गारठा होता. वाटेत चारोटीला चहा घेताना, लाडकीला काय काय सुनावायचं ते तिने मनात जुळवून ठेवलं.

तलासरीजवळच्या झरीच्या अंगणवाडीत एक बाई मुलांना खिचडी वाढत होती. अदितीला बघताच तिचा हात थांबला.

"तू आमच्या शाळेतल्या गुरुजींची अदिती ना?"

"लाडकी तुम्हीच का? माझ्या साइटवर तक्रारी तुम्ही करता?"

"मला कुठं येतं ते, बाय."

"म्हणजे नविन करतो. खरं सांगा, नाहीतर मी पोलिसांत जाईन."

"त्या पोराला कशाला मध्ये घेतेस? गुरुजी करतात. माझ्या नावाने, मला विचारून. ते बोलतात, मोबाईल लिहून घेतो."

अदितीला हसूच आलं. "अण्णा? माझ्या कामात खोडा घालून त्यांना काय मिळणार?"

"खोडा नाय गं. तुझं काम चोख व्हावं म्हणून. आणि तुला कळलं तर तू पुण्याला जायची नाहीस, म्हणून माझं नाव."

"काय कळलं तर?"

लाडकीने पळी पातेल्यात ठेवली आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"वापीला डोळ्यांच्या दवाखान्यात मीच नेलं होतं त्यांना. आता नुसता उजेड-अंधार तेवढा कळतो. तू त्यांच्याच घरात राहतेस ना, बाय?"