ज्याच्या हातानं चालू होईल

सातवं गिऱ्हाईकही हात हलवत खाली उतरलं.

"वहिनी, डिझेल आहे, बॅटरी आहे, दिवे पण लागतायत. मग इंजिन का लागत नाही?" त्याने ट्रककडे एकदा वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रागावू नका, पण लोक बोलतात ते उगाच नाही."

"नाही रागवत," कल्पिता म्हणाली.

लोक काय बोलतात ते बाळकुमात पोरासोरांनाही ठाऊक होतं. सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा आनंदा ठाकुर्लीला रस्त्याच्या कडेला सापडला, डोक्याला मार लागून गेलेला. ट्रक मात्र सकाळी कोपरीत उभा होता, घराच्या वाटेवर. चावी आतच. कागदावर अपघात लिहिला गेला. पण ट्रक तिथवर आला कसा? पोलिसांच्या मेकॅनिकलाही तो चालू करता आला नाही. टोचन लावून ओढत अंगणात आणून सोडला. तेव्हापासून गावात एकच कुजबुज होती: आनंदा मेल्यावर गाडी घेऊन घरी निघाला होता.

कल्पिताने ते कधी खोडून काढलं नाही. मोबाईलवर जाहिरात टाकली, त्या गोष्टीसकट. गाडी चालू होत नाही. निम्म्या किमतीत देणे आहे. पण ज्याच्या हातानं चालू होईल, त्यालाच.

"गो पोरी, भंगारान दे नि मोकली हो," सासरे धोंडीबा बाजेवरून म्हणाले. "आनखी किती मानसा बोलवशील?"

"एकच यायचाय, बाबा."

"परत्येक वेलेला तू हेच सांगतं."

चार वर्षांची कृतिका तिच्या मांडीत बसून भात खात होती. एक घास तोंडात, एक फ्रॉकवर. "आई, गाडी रुसलीये?"

"नाही गं राणी." कल्पिताने तिच्या हनुवटीवरचं शीत टिपलं. "कुणाची तरी वाट बघतेय."

आठवा माणूस चारच्या सुमारास आला. सिद्धेश, डोंबिवलीचा. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. आधीच्या सातांनी टायरला लाथा मारल्या होत्या, बॉनेट उघडून डोकी आत घातली होती. याने गाडीला नुसता एक फेरा मारला.

"पेपर क्लिअर आहेत ना, वहिनी?"

"सगळे. तुम्ही आमच्या ह्यांना ओळखायचात?"

"नाय ओ. जाहिरात बघूनच आलो. भाव बरा वाटला."

"लोक घाबरतात हिला."

"घाबरू द्या की. म्हणून तर आपल्याला स्वस्तात मिळतेय." तो हसला. "भुताबिताला मी नाय मानत."

"चहा घेणार आधी?"

"आधी गाडी बघतो."

तिने चावी दिली.

सातही जणांनी वर चढल्यावर डॅशबोर्डवरच्या एकवीरा आईच्या तसबिरीला हात जोडले होते आणि मग चावी फिरवली होती. सिद्धेशने हात जोडले नाहीत. त्याने डावा हात पुढे केला, अंगठ्याने तसबिरीचा खालचा कोपरा हलकेच दाबला, वाकडी झालेली सरळ करावी तसा.

तसबीर वाकडी नव्हती.

शेवटच्या सकाळी निघताना आनंदानेही अस्साच अंगठा टेकवला होता. तोच हात, तोच कोपरा.

चावी फिरली. ट्रक एकदा हिसका देऊन थरथरला आणि धडधडत चालू झाला.

धोंडीबा बाजेवरून उठले ते तसेच उभे राहिले. पत्र्यावरचे कावळे उडाले. आतून कृतिका धावत आली. "बाबा आले! आई, बाबा आले!"

कल्पिताने तिला वरच्यावर उचललं आणि तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. लेकरू पाय झाडत होतं.

"झाली की नाय, वहिनी?" सिद्धेश वरून ओरडला. "आता शब्द पाळायचा हां!"

"पाळणार तर!" ती हसून म्हणाली. "बसा तिथेच, गाडी बंद करू नका. पेढा आणते."

पोरीला घेऊन ती घरात आली. मागोमाग धोंडीबा आले.

"त्याचे अंगान आपला आनंदा आला काय गो?"

"नाही, बाबा." तिने कृतिकाला मोरीपलीकडच्या खोलीत ठेवून कडी घातली आणि फोन उचलला. सात महिने पाठ करून ठेवलेला पोलिसांचा नंबर ती लावत होती. "त्या तसबिरीमागे चोर स्विच आहे. तो दाबल्याशिवाय इंजिन लागत नाही. ते गेले त्याच दिवशी सकाळी त्यांनी बसवला, आणि मला एकटीला दाखवला. संध्याकाळी गाडीत त्यांच्याबरोबर जो होता त्यानेच तो बघितला, आणि त्यांना मारून गाडी कोपरीत त्यानेच आणली. मागच्या दाराने जाऊन गेट लावा, बाबा."