पूर्ण जुळणारी बहीण

"तुम्हाला भावासाठी बोनमॅरो देता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही गरोदर आहात."

वृंदा थिजलीच. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मुलाची आशा तिनं केव्हाच सोडली होती. रक्ताच्या कर्करोगानं खंगलेल्या दादाशी घरात फक्त तिचाच बोनमॅरो पूर्ण जुळला होता.

"मग आता दादाचं काय?"

"तुमच्या वडिलांचा निम्मा जुळतो. तो चालेल, पण धोका जास्त आहे."

मास्क लावून ती दादाच्या खोलीत गेली. कसंबसं सगळं सांगून टाकलं, पण त्याच्याकडे बघायचं धाडस होईना.

दादा सलाइनचा हात सांभाळत उठून बसला.

"बाबांना बोलावून घे," तो म्हणाला. "आणि अगं, उभी काय राहिलीस? बस आधी."